विकताना वसूल

१२ मार्च, गुरुवार

“काच ती काचच, काकू! एक असो नाहीतर दोन. गिऱ्हाईक बघतं ओटा, फरशी आणि बाथरूम.”

असं म्हणून माझाच चहा पिऊन गेला! दलाल. घरं विकून देतो. लेकीच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी घर त्याने चांगल्या भावाला विकून दिलं, म्हणून तिने पाठवला. तरुण आहे, बुटांना पॉलिश आहे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “होऊन जाईल” आहे. कागदपत्रं? होऊन जाईल. किंमत? होऊन जाईल. मी त्याचं नावच होऊन-जाईल ठेवलं.

सगळं घर त्याने उभ्या उभ्या पाहिलं. ओट्यावरून बोट फिरवलं. बाथरूमच्या फरशीकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. वरच्या खोलीत मी त्याला खिडकी दाखवली — दोन काचा, मधे हवाबंद पोकळी, चौकटीला रबर. छत दाखवलं — आत उष्णता अडवणारे जाड तक्ते, वर गच्चीला पांढरा रंग. पाण्याचा सोलर बंब. दाराखालची पट्टी. लोक दुसऱ्याच्या नातवाचे फोटो बघतात ना, तसं त्याने छताकडे पाहिलं. “छान आहे. पण दिसत नाही ना, काकू. जे दिसत नाही त्याचे पैसे कोण देणार?”

आणि हे? आमचे पतिराज? खुर्चीत बसून गुडघा चोळत होते! सात वर्षं मी ह्या घरात एकच मंत्र ऐकला — “विकताना वसूल.” जुन्या खिडक्या काढल्या तेव्हा विचारलं, कशाला हा खर्च? “विकताना वसूल.” छत उचकटलं, महिनाभर नाकातोंडात धूळ — “विकताना वसूल.” आणि आता विकायची वेळ आली तर तोंडात मिठाची गुळणी! म्हटलं, “सांगा ना ह्यांना काहीतरी!” तर म्हणतात, “ते रोज घरं विकतात. त्यांना जास्त कळणार.”

किटली हातात होती. फेकली नाही.

१३ मार्च, शुक्रवार

रागाच्या भरात काल मुद्द्याचं लिहायचं राहूनच गेलं.

घर विकायचंय ते ह्यांच्या गुडघ्यासाठी. आमचं घर अरुंद आणि उभं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर. वर झोपायची खोली, माझी कामाची खोली, आणि बाथरूमही वरच. जिना असा, की तरुण माणसानेही कठडा धरावा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिना बंद करा. लेकीच्या गल्लीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होतोय. मालक भला माणूस आहे, बहिणीकडे कायमचा राहायला चाललाय. मे अखेरपर्यंत थांबतो म्हणाला. त्यानंतर मात्र त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

आमची शिल्लक म्हणाल तर हे घर, दुसरं काही नाही. होऊन-जाईल सांगतो त्या भावाने विकलं तर फ्लॅटला कमी पडतं. खिडक्या, छत, सोलर ह्यांचं मोल धरलं तर जमतं. म्हणून माझा हट्ट. हाव नाही ही. मी माझी किंमत सांगितली, त्याने भुवया वर करून लिहून घेतली.

ह्यांना विचारलं, “बरोबर केलं ना मी?” म्हणाले, “तू केलंस ना, मग बरोबर.” पंपाच्या कारखान्यात जन्मभर फिटर होता हा माणूस. पंपाबद्दल तास तास बोलेल. बाकी सगळ्याला अर्धं वाक्य.

१६ मार्च, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं.

होऊन-जाईलचा नियम — माणसं सोमवारीच आणायची, आणि तीही सकाळी लवकर. कारण समोर ग्रिलवाला. लोखंडी ग्रिलं, फाटकं, कठडे बनवतो. दिवसभर लोखंड कापणं चालू, नुसत्या ठिणग्या आणि किंकाळ्या. त्याची सुट्टी सोमवारी. “काकू, त्याचा आवाज ऐकला की गिऱ्हाईक चपला हातात घेऊन पळेल.” बरं. मीही उजाडल्यापासून सगळ्या खिडक्या सताड उघडून ठेवल्या. घर हवेशीर दिसलं पाहिजे!

नवरा-बायको आणि तिची आई. आईने ओट्याखाली डोकावून नाक मुरडलं. बाथरूम सगळं फोडावं लागेल म्हणाले. वर गेले. मी छताबद्दल बोलायला तोंड उघडलं तर ती बाई खिडकीशी उभी राहून म्हणाली, “वा, हवा छान येते हो!”

हवा येते! ती येऊ नये म्हणून ह्या माणसाने सात वर्षं खपून फटी बुजवल्या!

पंधरा टक्के कमी देतो म्हणाले. मी नको म्हटलं.

२३ मार्च, सोमवार

आज तीन जोड्या. एकाला सांगितलं, आमचं विजेचं बिल बघा, उन्हाळ्यातसुद्धा किती कमी येतं. मागच्या दोन उन्हाळ्यांची बिलं पुढ्यात ठेवली. त्याने पाहिली आणि म्हणाला, “तुम्ही दोघंच असता ना, म्हणून.”

म्हणून! म्हणजे काटकसर आमची, घराची नव्हे. ह्याचं उत्तर मला सुचलं रात्री जेवताना, पण तोपर्यंत तो घरी पोचला असणार.

२४ मार्च, मंगळवार

हे म्हणतात, “देऊन टाकूया.” म्हटलं, तुम्ही गुडघा सांभाळा, घर मी सांभाळते.

२ एप्रिल, गुरुवार

विकलं जायचं तेव्हा जाईल, आवराआवर तरी करावी म्हणून वरचं कपाट काढलं. किती तरी जुनी प्रुफं. मी जन्मभर छापखान्यांची प्रुफं वाचून, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. अजूनही भरते. त्यामुळे स्वभाव असा झालाय, असं लेक म्हणते. मी म्हणते, स्वभाव असा होता म्हणून काम मिळालं.

कोपऱ्यात बामची बाटली सापडली. तळाशी सुकून खडा झालेला. एके काळी ह्या बाटलीशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नसे. अर्धशिशी! आली की दोन दिवस माणसातून उठायचे. डोक्याची एक बाजू दाबून बाथरूममध्ये फरशीवर बसून राहायचं, कारण सगळ्या घरात तेवढीच जागा अंधारी आणि जरा गार. डॉक्टर म्हणाले होते, ऊन, झगझगीत उजेड, आवाज टाळा. म्हटलं, समोर ग्रिलवाला, डोक्यावर तापलेलं छत आणि पोटाचा धंदा म्हणजे बारीक अक्षरं. टाळू तरी काय? मग कधीतरी ती यायची थांबली. बायकांची वयाबरोबर जाते म्हणतात. तशीच गेली असणार. देवाची कृपा.

बाटली केरात टाकली. ह्यांनी केराच्या डब्यातून काढून उलटीपालटी करून पाहिली आणि परत टाकली. ह्यांना केर तपासायची खोडच आहे. मी एखादा कामाचा स्क्रू फेकला असेल अशी कायम शंका.

४ एप्रिल, शनिवार

लेक आली होती. घर कुठवर आलं विचारायला आली, आणि माझ्या चष्म्यावर घसरली. “आई, दांडी दोऱ्याने बांधलीस? चल, आत्ता नवा घेऊ.” नको म्हटलं. माझ्यावर कुणी पैसा खर्च करायला लागलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं मला. घरासाठी काढा, लेकीसाठी काढा, ह्यांच्या गुडघ्यासाठी काढा — एक शब्द बोलणार नाही. माझ्यासाठी? पुढच्या वर्षी बघू.

“तुझं पुढचं वर्ष मी शाळेत होते तेव्हापासून येतंय,” लेक म्हणाली. हे जोरात हसले. इतकं हसण्यासारखं काही नव्हतं.

जाताना ती जिन्याकडे बघून हळूच म्हणाली, “आई, फ्लॅट जाऊ देऊ नकोस हं.” मी काय मुद्दाम घालवतेय?

९ एप्रिल, गुरुवार

वेडी! ठार वेडी आहे मी!

भर दुपारी छापखान्यात प्रुफं देऊन परत आले. रस्ता असा तापलेला की चपलेतून चटका. ग्रिलवाल्याने भलंमोठं फाटक कापायला घेतलेलं, कानठळ्या बसत होत्या. घरात शिरले. दार लोटलं. त्या पट्टीमुळे दार लागताना ‘फुस्’ करतं — आणि संपलं. आवाज दाराबाहेर राहिला. ऊन बाहेर राहिलं. पंखासुद्धा चालू नव्हता आणि पाठीवरचा घाम निवत गेला.

रोजच तर हे होतं! पण आज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि आम्ही घर दाखवतो कधी? सोमवारी, सकाळी, गारव्याला, खिडक्या उघड्या टाकून! छत्री विकायला काढायची आणि कोरड्या दिवशी मिटून दाखवायची, त्यातला प्रकार.

ह्यांना सांगितलं. “हं,” म्हणाले. एवढा मोठा शोध आणि “हं”!

१० एप्रिल, शुक्रवार

होऊन-जाईलशी भांडले. “माणसं दुपारी आणा. सोमवार सोडून.” तो म्हणाला, “काकू, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय.” म्हटलं, पाय माझा, धोंडाही माझा. आणा तर खरं.

१४ एप्रिल, मंगळवार

आणली. एक नवराबायको, भर दुपारी. मी तयारीत होते. जत्रेतल्या जादूगारासारखी खिडकीशी उभी राहिले. “आता ऐका हं,” म्हणून उघडली — ग्रिलवाला नेमका रंगात आलेला. ते दोघं दचकलेच. “आणि आता?” म्हणून बंद केली. शांत! अगदी चिडीचूप! मी विजयी मुद्रेने वळले.

नवरा पांढराफटक पडून विचारतो, “हा आवाज रोज असतो?”

खिडकी बंद झालेली त्याला दिसलीच नाही. उघडलेली तेवढी ऐकू आली. चपला हातात घेतल्या नाहीत, एवढंच.

१५ एप्रिल, बुधवार

होऊन-जाईलचा फोन. “काकू, मी सांगितलं होतं ना?” सांगितलं होतं.

२२ एप्रिल, बुधवार

दुपारी स्वयंपाकघरातून पाहिलं. हे जिना उतरत होते — बसून. रांगतं मूल उतरतं तसे, एकेक पायरी घसरत, हातात स्क्रूड्रायव्हर. मला पाहिलं तर हसून म्हणाले, “ही पद्धत सुरक्षित आहे.”

मी हसले नाही. ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. डोळे भरून आले होते आणि ते ह्यांनी पाहिलेलं मला चालत नाही.

मग वाटलं, कसल्या काचा आणि कसलं छत! ह्या माणसाने बसून जिना उतरायचा आणि मी काचेच्या मोलासाठी गिऱ्हाइकं परतवायची? महिना-सव्वा महिना उरलाय. उद्या हा माणूस पडला तर ते मोल कुठे घेऊन बसू? होऊन-जाईलला फोन केला. तुमच्या भावाने द्या म्हटलं. “होऊन जाईल, काकू.” त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. कमी पडेल ते लेक-जावई घालतो म्हणतात. लेकीकडून घ्यायचं जिवावर आलंय. पण येऊ दे.

ह्यांना सांगितलं, मी हरले. तर म्हणतात, “कशात?”

२८ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

होऊन-जाईल सकाळी अकराच्या सुमारास एका जोडप्याला घेऊन आला. दारातच माझ्या कानाशी लागला, “वार चुकलाय काकू, पण त्यांना दुसरी वेळच नाही.” बाई हॉस्पिटलमध्ये नर्स. कायमची रात्रपाळी. ड्यूटी संपवून घरी न जाता तशीच आलेली. डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत असेल असं वाटेना. नवरा बोलका. ओट्याशी उभं राहून त्याने ग्रॅनाइटपासून सुरुवात केली. होऊन-जाईलला आवडता विषय मिळाला.

बाई माझ्या मागोमाग जिना चढली. मी काहीही दाखवलं नाही. ना खिडकी, ना छत. मन उठलं होतं माझं. माझ्या कामाच्या खोलीत खुर्चीवर प्रुफं पडली होती, ती उचलली. म्हटलं, बसा जरा, पाणी आणते. खाली गेले तर तिच्या नवऱ्याने मला धरलं. पाण्याचा दाब किती, गटार तुंबतं का, शेजारी कसे. सगळ्यांची उत्तरं दिली. वेळ गेला. तांब्या घेऊन वर आले.

बाई झोपलेली! माझ्या टेबलावर, माझ्या प्रुफांवर गाल टेकून. एक चप्पल पायातून निसटलेली. समोर खिडकीच्या काचेतून ग्रिलवाला दिसत होता. ठिणग्यांचा नुसता फवारा उडत होता. आणि आवाज? कुठेतरी दूर डास असावा, तेवढा. बाईचा श्वास त्याहून मोठा होता.

मी तांब्या घेऊन तशीच उभी. मग पावलं न वाजवता खाली आले. म्हटलं, झोपल्यात.

“झोपली?” नवऱ्याचं ग्रॅनाइट ओठातच राहिलं. “दिवसा?” मग तो खुर्चीत बसला आणि त्याचा आवाज एकदम उतरला. त्यांच्या भाड्याच्या घरात वर पत्रा आणि खाली बाजार. ही कानात कापूस घालते, डोळ्यांवर ओढणी बांधते, पंख्यासमोर ओलं कापड टांगते. तरी डोळा लागत नाही. मागच्या महिन्यात स्कूटरवर डुलकी लागली. “थोडक्यात वाचली हो. मी तिला म्हणतो नोकरी सोड, ती म्हणते घर सोडू.”

हे उठले. मी नको नको म्हणत असताना कठडा धरून जिना चढले, पडदा ओढून आले आणि परत खुर्चीत बसले. होऊन-जाईल दोनदा घड्याळ बघून तिसऱ्यांदा बघायचं विसरला. आम्ही चौघं बैठकीत गप्प बसून होतो. पाहुणे आल्यावर इतकं शांत बसलेलं मी आमच्या घरी कधी पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने ती धडपडत खाली आली. शरमेने अर्धमेली. गालावर माझ्या लाल शाईची खूण उमटली होती. काही सुटलं असेल तिथे आम्ही करतो ती. ती सगळ्यांची माफी मागत होती आणि नवरा तिच्याकडे बघून नुसता हसत होता. मग तिने विचारलं, “काकू, तुमच्याकडे कुणी रात्रपाळीला होतं का? वरची खोली इतकी नीट बंद केलीय म्हणून विचारलं.”

म्हटलं, छे हो! हे सगळं बिल वाचावं म्हणून, आणि विकताना वसूल व्हावं म्हणून.

हे म्हणाले, “ही तिथे बसून वाचते.”

काहीही बोलतात. विचारलं काय, सांगतात काय! पण बाईने ह्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. झोपेत होती बिचारी अजून.

३० एप्रिल, गुरुवार

घर गेलं! माझ्या किमतीला!

होऊन-जाईलचा फोन आला. नर्सबाई घेताहेत, घासाघीस नाही. म्हटलं, अहो, पण मी तर भाव उतरवायला सांगितला होता? “काकू, ते... ते सांगायचं राहिलं मला.” आठवडाभर ह्याच्याकडून एक निरोप पोचवणं होऊन गेलं नाही! त्याच्या आळसाला माझा साष्टांग नमस्कार.

लेकीला फोन केला, तर ती रडायलाच लागली. मग मीही.

५ मे, मंगळवार

दोन-तीन दिवस एकच विचार डोक्यात आहे. वसूल झालं का? काचेचे वेगळे पैसे कुणी दिले नाहीत. पण बाकीच्यांनी ओट्यासाठी, फरशीसाठी जे कापलं, ते तिने कापलं नाही. म्हणजे म्हटलं तर झालं, म्हटलं तर नाही. होऊन-जाईलचं अगदीच खोटं नव्हतं. जे दिसत नाही त्याला भाव नाही. ज्याला त्याची गरज आहे तो माणूस दारात यावा लागतो, आणि दमूनभागून यावा लागतो. तसा माणूस सगळ्यांच्याच दारात येत असेल असं नाही.

नवल वाटतं ते ह्यांचं. ज्याने सात वर्षं घोकलं तो मजेत, आणि रक्त आटवलं मी. काल तेच बोलले. “तुमचा मंत्र, आणि भांडले मी!” तर म्हणतात, “तू छान भांडतेस.” ह्या माणसाशी नीट भांडताही येत नाही.

२९ मे, शुक्रवार

किल्ल्या दिल्या. ह्यांनी नर्सबाईंना खिडकीचं रबर कसं पुसायचं ते दाखवलं, उरलेल्या पट्टीची गुंडाळी दिली, सोलरचा खालचा नळ कुठला ते सांगितलं. इतकी वाक्यं मी लग्नापासून ऐकली नव्हती. निघताना मला रडू येईल असं वाटलं होतं. पण हे शेवटच्या क्षणी दाराचा एक स्क्रू पिळत बसले आणि टेम्पोवाला ओरडायला लागला, तेव्हा हसूच आलं.

३ जून, बुधवार

सगळं एका पातळीवर! हे घरभर हिंडतात. लेक ऑफिसला जाताना डोकावते, येताना डोकावते, मधेच जावई डबा घेऊन जातो. ह्यापेक्षा काय हवं?

समोर बसथांबा आहे. बस थांबली की तावदानं थडथडतात. माझं टेबल पुढच्या खोलीत लावलंय. दुपारनंतर ऊन सरळ कागदावर येतं. असो. सगळंच कसं मिळेल?

८ जून, सोमवार

डोकं.

१० जून, बुधवार

आज उठून बसले. दोन दिवस माणसात नव्हते. तीच, डावीकडची. वाटलं होतं मेली कायमची. सामान हलवण्याची दगदग झाली असेल, दुसरं काय.

परवा बसच्या प्रत्येक हिसक्याला डोक्यात घण पडत होता. मग केव्हातरी खोली काळोखी झाली. डोळे किलकिले करून पाहिलं तर हे खिडकीशी. सामानाची खोकी कापून काचेवर बसवत होते, एकावर एक दोन थर. चौकटीत कसे घट्ट बसले होते, कुठे फट नाही. मग हत्यारांच्या पेटीतून बामची बाटली काढून दिली. नवी, न उघडलेली. ती तिथे कधीपासून होती कोण जाणे.

लेकीची तीन प्रुफं... नव्हे, छापखान्याची. अजून डोकं ठिकाणावर नाही. पुरे.

१२ जून, शुक्रवार

काचवाला आला. मला न विचारता बोलावलेला! पुढच्या दोन्ही खिडक्यांना दुहेरी काच.

म्हटलं, “आता कशाला? हे घर आपण थोडंच विकणार आहोत? वसूल कधी व्हायचं?”

“तेही विकण्यासाठी नव्हतं केलं.”

“मग सात वर्षं मला काय सांगत होतात?”

“तुझ्या डोक्यासाठी म्हटलं असतं, तर एक तरी काच बसवू दिली असतीस?”

नसती.

काचवाला टेप धरून ताटकळत होता. “काकू, माप घेऊ ना?”

घ्या, म्हटलं.